नानांचा पाला

जगात पानांच्या दोनच जाती आहेत: आमच्या शेजारच्या नानांनी उकळलेली आणि नानांच्या हाती अजून न लागलेली. जळगावात मेहरूणला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे त्यांच्या गॅसवर आज निर्गुंडी चढलीय की अडुळसा, हे कळायला मला डोळे उघडावे लागत नाहीत. नाना शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, नाना अँटिऑक्सिडंटला लागले. लोखंड गंजतं तसा माणूस आतून गंजतो आणि तो गंज पाल्याने थांबतो, हा त्यांचा सिद्धांत. या हिशेबाने आमच्या गल्लीतल्या बकऱ्यांनी एव्हाना अमर व्हायला हवं होतं. तसं मी एकदा सुचवलं, तर बकऱ्या पाला उकळून खात नाहीत, हे त्यांनी शांतपणे माझ्या नजरेस आणून दिलं.

खिशात पेनाशेजारी जांभळ्या द्रावणाची एक बाटली कायम असे. त्यात पाल्याचा अर्क टाकायचा. जांभळा रंग उडून पिवळट झाला की पाला पास. एरंडोलच्या एका लग्नात त्यांनी मांडवाच्या तोरणातली आंब्याची पानं खुडून, चुरगळून तिथेच परीक्षा घेतली. मंगलाष्टकं चालू होती, लोक अक्षता टाकत होते आणि नाना बाटलीत थेंब टाकत होते. रंग उतरला तशी त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, आणि लग्न लागलं असं समजून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. भटजींची उरलेली मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत.

पाला उन्हात वाळवला तर गुण जातात, म्हणून तो घरात, पलंगावर, पंख्याखाली. कूलरच्या ओलाव्याने बुरशी धरते, म्हणून कूलर बंद. जळगावच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर योगी असतो, नाहीतर नाना. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पलंग पाल्याला सोडून खाली चटईवर झोपायच्या. तक्रार नाही. रोज सकाळी काढ्याचा कप घेऊन आत जायच्या आणि रिकामा आणून द्यायच्या. तो रिकामा कप नाना आल्यागेल्याला दाखवत. "बघा, सर्दी नाही, गुडघेदुखी नाही. माझा पुरावा घरातच आहे." आम्ही बाकीचे मात्र त्यांच्यासमोर साधी शिंकही दाबून धरत असू, नाहीतर काढ्याचा कप पुढ्यात आलाच.

मागच्या उन्हाळ्यात त्या पुराव्यालाच कावीळ झाली. हॉस्पिटलात मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, घरी झाडपाल्याचं काही चालू होतं का, कधी कधी ते लिव्हरला बाधतं. नानांना नाही म्हणता आलं असतं. पण शेवग्यापासून सुरुवात करून त्यांनी एकेक नाव सांगितलं, आणि गुळवेलीपर्यंत येताना आवाज पार बसला. पिंपळनेरहून पोतं भरून आणलेल्या पाल्याचं ज्यांनी गल्लीभर कौतुक केलं, तेच हे नाना, यावर विश्वास बसेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाटलीतला रंग उडतो, एवढंच मी पाहिलं हो. पोटात काय होतं, ते कुठे पाहिलं होतं?" त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात अक्का कॉटवर उठून बसल्या. "डॉक्टरसाहेब, यास्नं काय ऐकतस? एक घोट बी मना पोटमा गया नही. बठ्ठा मोरीमा गया."

आता नाना भडकणार, असं मला वाटलं. इतक्या वर्षांचं संशोधन मोरीत वाहून गेल्याचं डॉक्टर आणि नर्ससमोर जाहीर झालं होतं. नाना कॉटवर टेकले, अक्कांचा हात धरला आणि वर्गातली शुद्ध मराठी विसरून अक्कांच्याच अहिराणीत म्हणाले, "बरं कयं वं तू." बरं केलंस. आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरेना.

काविळीचं कारण पुढे दुसरंच निघालं, आणि अक्का बऱ्या होऊन घरी आल्या. नाना काढा अजूनही करतात, पण आपल्या एकट्यापुरता. मला आता आग्रह होत नाही, आणि खरं सांगतो, चुकल्यासारखं वाटतं. अक्का कधी कधी आपणहून अर्धा कप मागतात, या खेपेला खरंच पिईन म्हणतात. नाना देत नाहीत. चहा ठेवतात.