काठी खाली, जोतीरामभाऊ!

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दृष्टी गेलेल्या माणसांना पांढरी काठी धरून चालायला शिकवायचं काम मी सांगलीतल्या एका लहानशा केंद्रात एकवीस वर्षं करते आहे. या कामात गुळमुळीत बोलून भागत नाही. समोरून एसटी येत असताना ‘जरा थांबता का’ म्हणायला वेळ नसतो. पण जोतीरामभाऊंच्या बाबतीत याच तोंडानं घात केला.

भाऊ आटपाडीकडचे मेंढपाळ. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक, बोलणं कमी. नजर अंधूक व्हायला लागली तेव्हा त्यांनी तो मोतीबिंदू धरला आणि ‘पिकला की काढू’ म्हणत तीन वर्षं घालवली. निघाला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता परत यायची नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं होतं.

त्यांची बायको, सुलाबाई, त्यांना केंद्रात घेऊन आली. मी नेहमीसारखं विचारलं, शिकून काय करायचंय? कुणी सांगतं बँकेत एकट्यानं जायचंय, कुणी सांगतं देवळात. भाऊ म्हणाले, “दिवाळी झाली की मेंढरांसंगं कृष्णाकाठी जायाचंय.”

त्या भागातले कळप दरवर्षी दिवाळीनंतर पश्चिमेला निघतात. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आणि पाऊस जवळ आला की कळप माघारी फिरतात. भाऊंची चाळिशेक वर्षं अशीच गेली होती. या वर्षी मात्र त्यांचा मुलगा बिरदेव म्हणाला होता, “आबांनी औंदा घरी ऱ्हावं. त्यांच्यामागं एक माणूस गुंतंल, आन आमच्याकडं जादा माणूस न्हाई.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर अडचण होती.

“बाई, डोळ्यापायी न्हाई रडत ह्यो माणूस,” सुलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली. “मेंढरापायी रडतोय.”

शिकवणी सुरू झाली. भाऊ मन लावून शिकत होते, पण एक खोड जात नव्हती. दोन मिनिटं कुठं उभे राहिले की काठी मानेमागं खांद्यांवर आडवी टाकायचे आणि दोन्ही मनगटं तिच्यावर लटकवायचे. मी ओरडायची, “काठी खाली, जोतीरामभाऊ! टोक जमिनीवर! डावीकडं, उजवीकडं!” दिवसातून दहा वेळा तरी. ते नुसतं “व्हय बाई” म्हणायचे. आम्ही त्यांना बटण दाबलं की वेळ सांगणारं घड्याळ दिलं, तर ते कानाला लावून म्हणाले, “ही बाई तुमच्यावानी वरडत न्हाई.” सगळं केंद्र हसलं, मीही हसले.

महिन्याभरात विश्रामबागचा गजबजलेला चौक ते एकटे ओलांडायला लागले. मला भारी अभिमान वाटला. दसऱ्याआधी मी त्यांच्या वस्तीवर गेले, घरच्यांना दाखवायला की बघा, तुमचा माणूस कसा चालतो.

अंगणापलीकडं वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभारायची दोरीची जाळी. भाऊ घरातून निघाले. काठी जमिनीला, टोक डावीकडं, उजवीकडं, अगदी मी शिकवलं तसं. ते जाळीत शिरले मात्र, मेंढरांत एकच पळापळ झाली. सगळा कळप पलीकडच्या जाळीवर जाऊन आदळला, दोन मेखा उपटल्या, एक कोकरू पायाखाली आलं. बिरदेव धावला. भाऊ होते तिथंच थांबले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काठी खाली आली आन अशी हलली, की मेंढरू पळतंय,” भाऊ म्हणाले. “ती हाकायची खूण हाय, बाई.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“मी शिकायला आलोवतो. काठी खांद्यावर गेली की तुमी वरडायचा. मला वाटलं, ह्या काठीची रीत येगळी आसंल.”

मला तोंड लपवावंसं वाटलं. एकवीस वर्षांत मी शेकडो माणसांना विचारलं होतं, कुठं जायचंय. काठी तुमच्या हातात याआधी काय करत होती, हे एकालाही विचारलं नव्हतं. भाऊंनी काठी मानेमागं टाकली आणि घशातून एक लांब हाळी दिली. हळूहळू सगळी मेंढरं येऊन त्यांच्या पायांना घासायला लागली. पण आता त्यांना एक पाऊलही टाकता येईना. काठी वर असली तर मेंढरं जवळ, खाली आली तर वाट मोकळी पण मेंढरं पसार. बिरदेव कोकराचा पाय चोळत म्हणाला, “बघितलंत न्हवं, बाई?” मी परतीची एसटी धरली.

पाचव्या दिवशी भाऊंचा फोन आला.

“बाई, काठी हाकायला लागती ती मागच्याला. म्होरं चालणाऱ्याच्या काठीकडं मेंढरू बघतबी न्हाई, नुसतं मागनं येतंय. मी म्होरं चालतो. तुमी रस्ता शिकवा.”

हे त्यांना पाच दिवस का सुचलं नाही, ते मला सुलाबाईनं नंतर समजावलं. कळपाच्या मागं चालतो तो मालक. कुठलं लंगडतंय, कुठलं रेंगाळतंय, सगळ्यावर त्याची नजर. पुढं चालणं हे धाकट्याचं काम. भाऊ जन्मभर मागं होते. पुढं यायचं म्हणजे कळप बिरदेवच्या हातात द्यायचा. सुचलं पहिल्याच दिवशी असणार, पचायला पाच दिवस लागले.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि वस्तीवर जाऊन राहिले. डांबराच्या कडेवर टोक कसं टणक वाजतं आणि मातीत गेलं की कसं दबतं, हे आम्ही सकाळ-संध्याकाळ घोटलं. आधी मागं दहा मेंढरं, मग पन्नास, मग सगळी. पहिले दोन दिवस बिरदेव गुपचूप बापाच्या शेजारून चालत होता. तिसऱ्या दिवशी भाऊ न थांबता म्हणाले, “बिरू, तुझी चप्पल वाजतीया. मागं जा.” तो गेला, पण मान वर करून सारखा पुढंच बघत होता.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी कळप निघाला. वस्तीपासून तीन किलोमीटरवर मोठा रस्ता ओलांडायचा होता. मी पलीकडं जाऊन उभी राहिले. काही झालं तरी ओरडणार नाही, असं भाऊंना कबूल केलं होतं.

भाऊ डांबराच्या कडेला येऊन थांबले. मागं दोनशे मेंढरं थांबली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. एक ट्रक गेला, एक मोटारसायकल गेली. मग त्यांनी पांढरी काठी समोर सरळ धरली. उसाची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर कचकन थांबला, त्याच्यामागं जीप थांबली. भाऊंनी हाळी दिली आणि पाऊल टाकलं.

सगळा कळप त्यांच्यामागं रस्ता ओलांडून आला. सुलाबाई संसार लादलेलं घोडं धरून माझ्यासमोरून गेली आणि मी ढसाढसा रडले, लाजले नाही.

सगळ्यात शेवटी काखेत कोकरू घेऊन बिरदेव आला. त्याचा फोन वाजला. ज्यांच्या रानात कळप पहिल्यांदा बसायचा होता, ते वाळव्याकडचे शेतकरी भाऊसो होते.

“निघालोय, भाऊसो,” बिरदेव म्हणाला. “व्हय, समदी मेंढरं हायत. न्हाई, मी मागं हाय.” त्यानं पुढं बघितलं. “म्होरं आबा हायत.”