शेवरवाडी संस्थानचा संरक्षणमंत्री

माझी शेवटची पोस्टिंग फौजेच्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही. १९७२ च्या दसऱ्यापासून पुढच्या मार्चपर्यंत मी शेवरवाडी संस्थानचा सरदार आणि संरक्षणमंत्री होतो. शेवरवाडी परतूरच्या बाजूला, दुधना नदीच्या काठावर. तिथं संस्थान कधीच नव्हतं. दौलतराव नावाच्या जमीनदाराची दीडशे एकर जमीन होती आणि डोक्यात राजा व्हायचं खूळ होतं.

एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम बॉर्डरवर माझ्या मांडीत गोळी लागली. हॉस्पिटल, मेडिकल बोर्ड, डिस्चार्ज. तेरा वर्षांची सर्व्हिस करून हवालदार म्हणून घरी आलो. वय बत्तीस, पाय लंगडा. पहाटे साडेचारला जाग यायची आणि दिवसभर करायला काही नसायचं.

दसऱ्याला दौलतरावांनी मला बोलावलं. त्यांचं म्हणणं असं की आजोबांना निजामानं दिलेली सनद कुणीच रद्द केलेली नाही, म्हणून ही दीडशे एकर जमीन हिंदुस्थानात येत नाही. झेंडा शिवून घेतला होता. शिक्के होते, दिवाण होता, राजवैद्य होता. त्यांना राजेसाहेब म्हणायचं, असं दिवाणानं मला दारातच सांगितलं.

"हवालदार, सरकारनं तुम्हाला घरी बसवलं," दौलतराव म्हणाले. "मी तुम्हाला सरदार करतो."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून जांभळा मखमली पट्टा घातला. दुसऱ्या दिवसापासून गडी मला मुजरा करायला लागले आणि ते मला आवडलं. हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण आवडलं.

रुटीन मी लावलं. ०६०० ला रोलकॉल, बारा गडी, रायफलीच्या जागी काठ्या. ०७०० ला झेंडा. ०७३० ला चेकपोस्ट उघडायचं. चेकपोस्ट म्हणजे गाडीवाटेवर आडवा बांधलेला बांबू. दौलतरावांनी कुठल्या तरी भंगारातून फौजेचे दोन जुने फील्ड टेलिफोन आणले होते. चेकपोस्टपासून बंगल्यापर्यंत तार मीच ओढली.

त्या साली पाऊस पडला नाही. जानेवारीत गावातल्या विहिरी आटल्या. दौलतरावांच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. हुकूम निघाला की जो रजिस्टरात प्रजा म्हणून अंगठा देईल आणि झेंड्याला मुजरा करील, त्यालाच पाणी. गावानं अंगठे दिले. काहींनी हसत दिले, काहींनी खाली मान घालून. बौद्ध वस्तीतल्या तीस घरांनी मात्र दिले नाहीत. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी धर्म बदलला होता, आणि त्यासोबत मुजराही सोडला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, ०७४० ला, वस्तीतून आठ माणसं चेकपोस्टवर आली. पुढे किसनबाबा आणि त्यांची बायको गयाबाई. मागे सहा बायका, डोक्यावर रिकामे हंडे.

किसनबाबांचा मुलगा रंगनाथ माझ्या सेक्शनला होता. लान्स नायक, टेलिफोनची लाईन सांभाळायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात शेलिंगनं आमची केबल दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा त्यानं जोडली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी म्हणालो, "रंगनाथ, जा." दहा मिनिटांनी सेटवर त्याचा आवाज आला. "लाईन ओके. टेस्ट करा." मी टेस्ट केली. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

किसनबाबा बांबूपाशी थांबले.

"हवालदार, आडवं उचला. मुजरा करणार न्हाई. प्यायला पाणी पाहिजे बस."

मी टेलिफोनचं हँडल फिरवलं.

"चेकपोस्ट बोलतोय. वस्तीतले आठ जण. पाणी मागतात."

"अंगठा?"

"नाही म्हणतात."

"मुजरा?"

"नाही."

"मग परत पाठवा. सरदार, ही सरहद्द आहे."

"किसनबाबांचा मुलगा लढाईत गेला, राजेसाहेब."

"तो दुसऱ्या देशासाठी गेला."

हे वाक्य मी कानाला रिसीव्हर लावून ऐकलं. आणि 'येस सर' म्हणालो.

"माघारी जा, बाबा," मी सांगितलं. गयाबाईंनी माझ्या खांद्यावरच्या मखमलीकडे पाहिलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला. नदीत झिरा हाये."

कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा खणला की तळाशी थोडं पाणी पाझरतं, तो झिरा. त्या उन्हाळ्यात झिरे पुरुषभर खोल गेले होते.

१०१५ ला वस्तीतली एक बाई पळत आली. गयाबाई पाणी भरायला खाली उतरल्या होत्या आणि वरची वाळू ढासळली होती. मी पाच गडी आणि फावडी घेऊन निघालो. लंगडत जेवढं पळता आलं तेवढं पळालो. किसनबाबा हातांनी वाळू उपसत होते. आम्ही चाळीस मिनिटं खणलं. गयाबाई सापडल्या तेव्हा श्वास नव्हता. मी त्यांच्या तोंडातली वाळू काढली. वाकलो की तो पट्टा मधे येत होता. तिथंच काढून टाकला.

चेकपोस्टवर परत आलो आणि कुऱ्हाडीनं बांबू तोडला. टेलिफोन वाजत होता.

"चेकपोस्ट, रिपोर्ट द्या."

"चेकपोस्ट बंद," मी म्हणालो आणि तार उपटली.

वस्तीतली माणसं हंडे घेऊन विहिरीवर आली. दौलतराव बंदूक घेऊन जीपमधून उतरले. "हा राजद्रोह आहे," म्हणाले. गड्यांना हुकूम दिला की यांना हाकला. बारा जणांतल्या एकानंही काठी उचलली नाही. मारुती नावाचा गडी रहाट ओढायला लागला. मी दौलतरावांच्या समोर उभा राहिलो. बंदुकीची भीती वाटली नाही. थोड्या वेळानं ते जीपमध्ये बसून निघून गेले.

चौकशीला एक पोलीस अंमलदार आला. बंगल्यावर चहा प्याला. मी चेकपोस्टचं सगळं सांगितलं, त्यानं ते लिहिलं नाही. कागदावर आलं ते एवढंच: नदीपात्रात वाळू ढासळून एका महिलेचा अपघाती मृत्यू. झेंडा महिनाभरात उतरला. पुढच्या वर्षी दौलतराव दुष्काळ निवारणाच्या कमिटीवर होते.

गयाबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वस्तीत गेलो होतो. किसनबाबा ओट्यावर बसले होते. शिव्या देतील, मारतील असं वाटलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं.

"रंगनाथ कागद लिहायचा," ते म्हणाले. "'हवालदार म्हणतेत तसं करून राह्यलो, बाबा, काळजी करू नका.' मंग त्या दिवशी आमीबी तेच केलं. तुमी माघारी जा म्हणले, आमी माघारी गेल्तो."



रंगनाथचं नाव पलटणीच्या स्मारकावर दगडात कोरलेलं आहे. मी जाऊन पाहिलं. गयाबाईंचं कुठंच नाही, चौकशीच्या कागदावरसुद्धा नाही. म्हणून इथं लिहितो. लान्स नायक रंगनाथ किसन, वय चोवीस. गयाबाई किसन, वय अंदाजे पन्नास. एकाला लाईनवर आणि एकीला नदीकडे, दोघांनाही मीच पाठवलं होतं.