पाटावरचे बावीस दिवस

पांझरा नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि वळणं घेत घेत गावाच्या चार फडांना, म्हणजे शिवारातल्या शेतांच्या चार पट्ट्यांना, पाणी देतो. सुकदेव या पाटाचा पाटकरी. तांबडं फुटलं की फावडं खांद्यावर टाकून तो बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत चालत जायचा. गाळ दिसला की उपसायचा. खेकड्याचं बीळ दिसलं की काळी माती आणि गवताचा बोळा ठोकून बुजवायचा. काठ उघडा पडला असेल तिथं हरळीचे ठोंब लावायचा. एकोणचाळीस वर्षं त्याचं हेच चाललं होतं. भर उन्हाळ्यात कोरड्या पाटात उकिडवा बसलेला दिसला, की लोक हसत.

"सुकदेवभाऊ, पानीच नही, मंग काय शोधी ऱ्हायनात?"

"पानी उनं का मंग बीळ दिसत नही," तो म्हणे आणि पुन्हा मातीत बोटं घाली.

रात्री जेवताना तो कमलबाईला पाटाचं सांगे. जांभळीच्या वळणावर गाळ धरतो, पाणी जिथून खाली पडतं त्या दुसऱ्या पायरीचा दगड हलतोय, असलं काहीबाही. ती भाकरी थापता थापता हुंकार देई. ती ऐकते की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. ती स्वतः पाटावर कधी गेली नव्हती. घरचं शेत आणि दोन म्हशी यातच तिचा दिवस जाई.

निसरड्या काठावरून उभा जन्म चालूनही कधी न घसरलेला सुकदेव गेल्या पौषात चाळीसगावला पडला, तेही एसटी स्टँडच्या ओल्या फरशीवर. मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात सळई टाकली. साखर वाढलेली निघाली, म्हणून मुक्काम लांबला. जळगावला पिंप्राळ्यात राहणारा मुलगा, प्रेमराज, रजा काढून उशाशी बसला.

औषधाच्या गुंगीत सुकदेवचे डोळे मिटत आणि तो चालू लागे. पायाखाली दव असे. डाव्या हाताला पाणी असे, त्याच्याच चालीनं चालणारं. भिंतीवरचा पंखा फिरे आणि त्याला वाटे, हे पहिल्या पायरीवरून पाणी पडतंय. मग दुसरी पायरी, मग जांभळीची गार सावली. तिसऱ्या पायरीशी पोचला की कोणीतरी सुई टोचायला येई आणि पाट विरून जाई.

गहू ओंबीवर यायला आला होता. पाणी शेवटच्या फडापर्यंत पोचणार कसं, या एका विचारानं त्याला अन्न गोड लागेना. प्रेमराजनं गावात फोन लावले. कांद्याची लागवड चालू होती, सगळे वावरात. "बघतो, माणूस पाठवतो," असं सगळे म्हणत.

पाचव्या दिवशी सकाळी कमलबाईचा फोन आला. मागून पाण्याचा आवाज येत होता.

"कोठे शे तू?" सुकदेवनं विचारलं.

"पाटवर. रोज येस मी. तुम्ही गयात त्याना दुसरा दिवसपासून."

सुकदेवनं फोन कानाशी घट्ट धरला. मग हळूच म्हणाला, "जांभळीजोडे गाळ व्हई."

"कालच काढा मी. आते मी तिसरी पायरीवर शे."

"फोन पानीजोडे धर."

तिनं धरला. सुकदेवनं डोळे मिटले. दगडावरून पडणारं पाणी त्याच्या कानाशी आलं, पण त्यात भरीवपणा नव्हता. त्याला नीट ठाऊक असलेला तो घुमारा आज पातळ झाला होता.

"पानी कमी शे," तो म्हणाला. "मांगे जाय. डावा काठ पाय दाबी दाबी देख."

कमलबाई मागं चालत गेली. शे-दीडशे पावलांवर काठाबाहेरची माती तिच्या टाचेखाली भुसभुशीत लागली. गवत बाजूला सारलं तर हात जाईल एवढं बीळ आणि त्यातून झुळझुळ निघून नाल्याला मिळणारं पाणी. एव्हाना तिथं भगदाड पडायला हवं होतं. पण हरळीच्या मुळ्यांनी माती जाळ्यासारखी आवळून धरली होती. खेकड्यानं पोखरलं, तरी काठ खचला नव्हता. ती गुडघे टेकून बसली, माती कालवली, गवताचा बोळा केला आणि टाचेनं ठोकून ठोकून बसवला. हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. तरी हाताला सगळं माहीत होतं.

तिनं पुन्हा फोन तिसऱ्या पायरीशी नेला. दवाखान्यातल्या खाटेवर सुकदेव बराच वेळ ऐकत राहिला. फोन बंद झाल्यावर प्रेमराजला म्हणाला, "भूक लागनी."

बाविसाव्या दिवशी तो घरी आला. दुसऱ्या सकाळी शेवटच्या फडातला योगराज दारात उभा राहिला. हातातल्या पाटीत गव्हाच्या कोवळ्या ओंब्या होत्या. त्यानं ती सुकदेवपुढं न ठेवता चुलीशी बसलेल्या कमलबाईकडं नेली. "अक्का, बठ्ठा गहू भरना. ह्या तुम्हन्या."

फाल्गुनात सुकदेव काठी टेकत पाटावर गेला. कमलबाई पुढं होती, फावडं तिच्या खांद्यावर. पाणी निवळशंख वाहत होतं, काठाची हरळी पाण्यात वाकून हलत होती. दुसऱ्या फडाच्या बांधाशी ती थांबली आणि तिनं त्याला हातानं खाली बसायची खूण केली.

"काय शे आठे?"

"बोलू नका. उन्ह चढनं का येस."

तो बसला. त्याच्या वेळेला तो इथून केव्हाच पुढं गेलेला असे. उन्ह पाण्यावर आलं, तळाचे खडे उजळले. बऱ्याच वेळानं एक पांढरा बगळा काठावर उतरला, दोन पावलं पाण्यात आला आणि स्वतःच्या सावलीवर उभा राहिला. दोघंही हलले नाहीत.