दोन कोसांचं राज्य
मोहोरेची लाख वितळल्याचा वास आला, की मला धार-देवासकडच्या एका चिमुकल्या संस्थानाची इंग्रजी कचेरी आठवते. तिथे मी पत्रं लिहीत असे. एका सकाळी आमचा शिपाई धापा टाकत आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. छावणीतली डॉक्टरीणबाई जेमतेम दोन कोसांवर होती. मी तिला लिहिलं, आमचं गाव छावणीपासून ‘नॉट फार’ आहे. दिवाणसाहेबांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "नॉट फार? आमचं राज्य म्हणजे काय परसातलं आळं आहे? ‘ॲट अ कन्सिडरेबल डिस्टन्स’ लिहा." "साहेब, बाईंना वाटेल, दिवसभराचा प्रवास आहे." "वाटू द्या! मान राहतो." मी लिहिलं, मोहोर लागली, आणि शिपाईच ते घेऊन निघाला. "बाबूजी, लिख दिया ना, पास ही है?" त्यानं विचारलं, मी होकारार्थी मान हलवली. दुपारी तो उत्तर घेऊन परतला. तिथे तो ‘पास ही है’ म्हणून ओरडत राहिला होता, पण बाईंनी मोहोरेवर विश्वास ठेवला: अंतर बरंच असल्यामुळे येता येत नाही, रोग्याला इकडे आणावं. दिवाणसाहेबांनी ते ‘बरंच अंतर’ साऱ्या कचेरीला दोनदा वाचून दाखवलं. शिपायाची बायको संध्याकाळी गेली. आज मी दिवाणसाहेबांची नक्कल करतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. गोष्ट मात्र मी संध्याकाळपर्यंत कधीच नेत नाही.