काचवाल्याचा माळी

काच उचलायची त्या दुकानात एक रीत होती. लहानसं तावदान कुणीही काखेत मारून न्यावं, पण छातीच्या वर जाणारी काच असली की तिला दोन माणसं लागत. दोघांनी दोन कडा धरायच्या. मग एकानं विचारायचं, "धरली?" आणि दुसऱ्यानं "धरली" म्हटल्यावरच काच जमिनीवरून हलायची. नुसती मान डोलावून चालत नसे, तोंडानं म्हणावं लागे. ही रीत काचवाल्यानंच घातली होती आणि ती मोडलीही त्यानंच.

बेकरीच्या दर्शनी खिडकीची काच होती. बायको गल्ल्यावर गिऱ्हाईक करत होती. "आलेच, जरा दम धरा," असं ती म्हणालीसुद्धा. पण दम धरणं हा त्याचा गुण नव्हता. त्यानं एकट्यानं काच उचलली. ती कमरेपर्यंत आली, क्षणभर उभ्या पाण्यासारखी चमकली आणि त्याच्या डाव्या तळव्यातून खाली गेली.

डॉक्टरांनी हात शिवला. तीन बोटं कामाला परत आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र सरळच राहिलं, अनोळखी घरात अवघडून बसलेल्या पाहुण्यांसारखं. धंद्याचं फारसं अडलं नाही. काच कापायचा हिरा चालवायला उजवा हात पुरतो. पट्टी लावावी, हिऱ्यानं एक सरळ ओरखडा ओढावा, काच टेबलाच्या कडेवर आणून हलकेच दाबावी, की ती सांगितल्यासारखी दुभंगते. ते त्याला अजून येत होतं. गेलं ते वेगळंच काही, आणि ज्यांना ते ठाऊक होतं असे लोक गावात थोडे होते.

तो पत्ते पिसायचा.

हे जुगाराचे पत्ते नव्हेत. सायकलच्या दुकानावर एक लांबोळका हॉल होता, तिथे दर महिन्याला एका रविवारी एका वेगळ्याच खेळाची मंडळी जमत. या खेळात पत्त्यांवर चित्रं असतात. कुणी लांडगा असतो, कुणी वादळ, कुणी कुलूप लावलेला दरवाजा, आणि प्रत्येकाची शक्ती पत्त्यावर लिहिलेली असते. असे शेकडो पत्ते. त्यांतून ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाला मानवतील असे साठ निवडायचे आणि त्यांचा गठ्ठा बांधायचा. त्याला डेक म्हणतात. मग समोरासमोर बसून एकमेकांचा जीव काढायचा, म्हणजे कागदावरचा. अर्धा खेळ घरीच होतो, डेक बांधताना.

काचवाल्याला या वेडात ओढलं ते कंडक्टरनं. कंडक्टर म्हणजे बसमधला कंडक्टरच. आरशाला चौकट बसवायला आला आणि बसल्या बसल्या पत्ते दाखवून गेला. काचवाल्यानं पुष्कळ डेक बांधून मोडले आणि शेवटी एकावर त्याचं मन बसलं. त्या डेकचा प्राण होता माळ्याचा पत्ता. चित्रात एक म्हातारा झारी घेऊन वाकलेला. हा माळी एकदा मांडला की दर पाळीला आपला गठ्ठा उघडून त्यातलं हवं ते बी शोधून लावायचं. बी लावायचं, पुन्हा गठ्ठा पिसायचा. पुढच्या पाळीला पुन्हा शोधायचं, पुन्हा पिसायचा. अशी सावकाश बाग उभी राही, आणि अखेरीस असं एक झाड येई की त्याच्या सावलीत समोरच्याचे लांडगे, वादळं, सगळं गुंगून पडे. डेक संथ होता. समोरचा कंटाळून जांभया देई, आणि जांभई मिटेतो हरलेला असे.

आणि ते पिसणं! दोन गठ्ठे त्याच्या हातात समोरासमोर उभे राहत आणि वाळूत पाणी जिरावं तसे एकमेकांत जिरत. आवाज असा, की कबुतर उडालं. शेजारच्या टेबलावरची माणसं आपला डाव थांबवून बघत. घरात कुणी त्याला कलावंत म्हणालं नव्हतं. त्या हॉलमध्ये म्हणालं होतं.

हाताला जखम झाली त्याला वर्ष होत आलं, आणि वर्षभर तो तिथे फिरकला नव्हता. कंडक्टर दर महिन्याला बोलवायचा, हा दर महिन्याला कामाचं निमित्त काढायचा. शेवटी या रविवारी सकाळी त्यानं पत्त्यांची पेटी फळीवरून काढली आणि बायकोला म्हणाला, "आज जाऊन बघतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर पेटी कंडक्टरला देऊन मोकळा होतो."

"द्या की," बायको म्हणाली. "फळी रिकामी होईल. माझे फ्रेमचे नमुने तरी नीट राहतील."

पण असं म्हणत ती एकच आरसा पुसत राहिली, आणि तो मघाशीच लख्ख झालेला होता.

"कुठला डेक नेताय?" तिनं विचारलं.

"कंडक्टरनं लांडग्यांचा दिलाय. एकदाच पिसायचा, मग नुसतं सोडत जायचं. डोकं लागत नाही."

"मग तुम्हाला झेपेल," ती म्हणाली. तो हसला नाही, तेव्हा तीच हळू आवाजात म्हणाली, "आणि माळी?"

"माळ्याला दर पाळीला पिसावं लागतं."

ती पुन्हा आरशाकडे वळली. उजव्या खिशात लांडगे आणि डाव्या खिशात माळी घालून, पेटी काखेत मारून तो निघाला. दोन्ही का घेतले, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हॉलमध्ये काही बदललं नव्हतं. त्याच लोखंडी खुर्च्या, खिडकीतून येणारा सायकलच्या रबराचा वास. पंच होती पोहण्याच्या तलावावरची शिट्टीवाली बाई. तिथे बुडणाऱ्यांना काढायची, इथे भांडणाऱ्यांना.

"या काका! वाट चुकलात का आज?" ती म्हणाली. "डेक टेबलावर ठेवा. एकदा ठेवला की दिवसभर तोच, मागाहून बदलून मिळणार नाही."

त्याचा डावा हात सकाळपासून खिशातच होता. आजकाल तो तिथेच असे, लोकांच्या नजरेआड. आणि त्या खिशात माळी होता. वाटभर तीन बोटं त्या गठ्ठ्याभोवती धरून तो चालत आला होता. हात बाहेर आला तो गठ्ठा घेऊनच आला.

मागून कंडक्टर कुजबुजला, "अरे, लांडगे दिले होते ना?"

"आहेत खिशात. राहू देत."

"माळी खेळणार? वा रे पठ्ठ्या!" कंडक्टरनं त्याच्या पाठीत अशी थाप मारली की बस सुटावी.

पहिला डाव पडला एका टोपीवाल्या पोराशी. कॉलेजात शिकणारा असावा. सुरुवातीचं पिसणं काचवाल्यानं टेबलावर पत्ते पसरून, कालवून, कसंबसं उरकलं. पोरगं मोबाइल बघत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या पाळीला माळी हातात आला. त्यानं तो मांडला.

"शोधताय का, काका?" पोरानं विचारलं.

काचवाल्यानं गठ्ठ्याकडे पाहिलं. शोधायचं म्हणजे पिसायचं, या पोराच्या नाकासमोर, दर पाळीला. मांजरानं कागद ओरबाडावेत तसं.

"नाही. राहू दे."

पुढच्या पाळीलाही तो म्हणाला, "राहू दे." माळी झारी घेऊन नुसता वाकून उभा राहिला. बाग काही उगवली नाही. पोरानं पटापट वादळं आणली आणि मोबाइलवर पुढचं गाणं लागायच्या आत खेळ आटोपला.

कंडक्टर मागे उभा राहून सगळं बघत होता. जिन्यात चहाचा कागदी पेला त्याच्या हातात देत तो म्हणाला, "काय चाललं होतं ते?"

"हरलो. सगळेच हरतात."

"हरण्याचं कोण बोलतंय? मी गेल्या महिन्यात सगळे डाव हरलो, रात्री झोप छान लागली. माळ्याला कामावर बोलावून बसवून का ठेवलंस, ते सांग."

काचवाल्यानं चहाचा घोट घेतला. कंडक्टरनं त्याच्या खिशाकडे पाहिलं, जिथे डावा हात होता.

"हे आहे होय," कंडक्टर म्हणाला. "अरे, तू लांडगे आणले असतेस तर मी समजलो असतो. पण माळी आणायचा आणि त्याला शोधू द्यायचं नाही! त्यापेक्षा घरी बसायचं होतंस."

"तेच करणार आहे. पेटी घेऊन जा माझी. मला नको."

"मला तरी कशाला? बायको मला पेटीसकट घराबाहेर काढील." मग त्याचा आवाज उतरला. "एक डाव अजून बस. त्यानंतर पेटी दे, मी नाही म्हणणार नाही."

दुसऱ्या डावाला समोर आली औषधांच्या दुकानातली बाई. पांढरा डगला घरी ठेवून आली होती, पण नजर तीच, चिठ्ठीवरचं गिचमिड अक्षर वाचणारी. तिचा डेक होता कुलपांचा. ती एक एक दार बंद करत येई आणि शेवटी समोरच्याला हलायला जागा उरत नसे. अशा डेकपुढे नुसतं बसून राहिलं तर मरण ठरलेलं. वाट एकच होती. बी शोधायचं, आणि वेळेत शोधायचं.

माळी आला. तिनं पहिलं दार लावलं. दुसरं लावलं.

"शोधतो," तो म्हणाला.

त्यानं गठ्ठा उघडला, बी काढून मांडलं आणि पत्ते दोन हातांत घेतले. वर्षापूर्वीची सवय बोटांत जागी झाली. तीन बोटांना आठवलं, दोघांना नाही. डावीकडचा गठ्ठा त्या दोन ताठ बोटांवर आपटला, उडाला आणि टेबलावर, मांडीवर, जमिनीवर पसरला. एक पत्ता गरगरत पार पंचबाईच्या बुटापाशी गेला.

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. टोपीवाल्या पोरानंही मोबाइलवरून मान वर केली.

हा क्षण तो वर्षभर टाळत आला होता, आणि आता आलाच होता. उठावं, बाईंना डाव देऊन टाकावा, पेटी कंडक्टरच्या हातात कोंबावी आणि जिना उतरावा. सगळं सोपं होतं. औषधवाली बाई मात्र केव्हाच टेबलाखाली वाकली होती आणि पत्ते गोळा करत होती. तिनं ते नीट जुळवून त्याच्यापुढे ठेवले. तिनं त्याचा हात पाहिला, आणि पाहिलाच नाही असं सोंग केलं नाही.

"काचेनं?" तिनं विचारलं.

"काचेनं. एकट्यानं उचलली."

"मोठी होती?"

"दोघांची होती."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. दुकानात दिवसातून कितीदा तरी तो दुसऱ्याला काचेची कड धरायला सांगे, बायकोला, गिऱ्हाइकाला, रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमनलासुद्धा. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. काचच तशी असते.

त्यानं गठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. डावा हातही वर आला, दोन सरळ बोटांसकट, सगळ्यांच्या देखत.

"बाई, माझा डेक असा आहे की दर पाळीला पिसावं लागतं. मला जमत नाही. तुम्ही पिसून द्याल?"

तिनं पंचबाईकडे पाहिलं. पंचबाई म्हणाली, "चालतं. नियमात बसतं. कुणी विचारतच नाही."

"पिसते," औषधवाली म्हणाली. "पण पत्ते वाईट आले तर माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"ती बोटं मोडायच्या कामाची राहिली नाहीत," काचवाला म्हणाला, आणि आधी कंडक्टर खो खो हसला, मग सगळा हॉल.

गठ्ठा तिच्या हाती गेला. काचवाल्याच्या तोंडातून सवयीनं निघालं, "धरली?"

"काय?"

"काही नाही. आमच्याकडे असं विचारतात. समोरच्यानं 'धरली' म्हणायचं असतं."

"धरली," ती म्हणाली आणि पिसू लागली.

आणि ती पिसायची कशी! ओल्या चादरी पिळल्यासारखं. काचवाल्याला बघवेना. "अहो, मनगट सैल. पत्त्यांना दाबू नका, नुसतं सोडा."

"डाव तुमचा का माझा? शिकवणी नंतर घ्या."

पण दुसऱ्या वेळी तिनं मनगट सैल सोडलं. चवथ्या-पाचव्या वेळेला पत्ते एकमेकांत बऱ्यापैकी जिरले, आणि ती स्वतःच स्वतःच्या हातांकडे चकित होऊन बघत राहिली. ती दारं लावत होती, तो बी लावत होता, मध्ये गठ्ठा इकडून तिकडे जात होता, आणि प्रत्येक वेळी ती न विचारता म्हणत होती, "धरली." बाग उभी राहिली. शेवटचं दार लागायला एक पाळी उरली होती आणि ते मोठं झाड यायलाही एकच पाळी उरली होती, तेवढ्यात पंचबाईनं शिट्टी वाजवली. वेळ संपली होती.

बरोबरी. पत्ते पडण्यात, गोळा करण्यात आणि शिकवणीत गेलेली मिनिटं कुणी परत देणार नव्हतं.

"पुढच्या पाळीला मेला होतात तुम्ही," बाई म्हणाली.

"पुढच्या पाळीला तुमची सगळी कुलपं गंजली असती," काचवाला म्हणाला.

त्यानंतरचा डाव तो हरला, आणि त्यानंतरचा जिंकला. नंबर काही आला नाही. पण त्या दोन्ही डावांत खुर्चीवर बसल्या बसल्या, नमस्कार म्हणावा इतक्या सहज, तो समोरच्याला म्हणाला, "पिसायचं काम तुमच्याकडे. हात असा आहे."

संध्याकाळी बायको दुकानाचं शटर अर्धं ओढून उभी होती. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग काखेतल्या पेटीकडे.

"दिली नाही वाटतं?"

"तुझे नमुने दुसरीकडे ठेव."

"म्हणजे जिंकलात?"

"छे. एक जिंकलो."

"एवढ्याशानं एवढं तोंड फुललंय?"

त्यानं पेटी गल्ल्यावर ठेवली. काच कापायच्या टेबलावरचा चुरा ब्रशनं झाडला, जाड फडकं अंथरलं आणि माळ्याचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. "महिनाभर सराव लागेल. शोधायचं मी, पिसायचं तू."

"मला कुठे येतं?"

"औषधवालीलाही येत नव्हतं. घे. धरली?"

तिनं दोन्ही हातांनी गठ्ठा उचलला. फ्रेमचा डिंक अजून बोटांना होता, पहिलेच दोन पत्ते एकमेकांना चिकटले. तो काहीतरी सांगायला वाकला.

"धरली, धरली," ती म्हणाली. "आता तुम्ही जरा दम धरा."

आणि या वेळी त्यानं धरला.