आत्याला दिलेल्या सगळ्या गोळ्या

आरोग्य केंद्रातला शुगरच्या गोळ्यांचा अख्खा साठा मी माझ्या आत्याला देऊन टाकला. गोळ्या कपाटातच होत्या. दिल्या त्या फक्त कंप्यूटरवर. पण सरकारी कामात कंप्यूटरवर दिलेलं तेच दिलेलं.

तमिळनाडूत तंजावुरकडच्या ओरत्तनाडूजवळच्या केंद्रात मी औषधं देतो. औषधांची नोंद आता नव्या यंत्रणेत करायची होती, आणि हात बसावा म्हणून तिच्यात सरावाचं वेगळं पान होतं. ते मी उघडलं नाही. ‘पोहणं विहिरीतच शिकावं, काठावर हातपाय कसले मारायचे,’ असं नर्सबाईंना ऐकवलंसुद्धा. सरावाला रुग्ण आणि त्याचा मोबाइल नंबर हवा होता. नंबर तोंडपाठ असलेलं माणूस एकच, तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी माझी आत्या. तिला शुगर नाही. जिभेवर तर कधीच नव्हती. मग म्हटलं, यंत्र आपल्याला अडवतं का ते तरी पाहू. संख्येच्या चौकटीत होता तेवढा साठा टाकला. यंत्राने हूं की चूं केलं नाही. हिरवी खूण आली, आणि मी त्या खुशीत घरी दोन डोसे जास्त हाणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी आली. तिच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपलेल्या. कंप्यूटर म्हणाला, साठा शून्य. कपाट म्हणालं, मी तर गच्च भरलोय. डॉक्टरीणबाईंचा नियम होता की नोंदीशिवाय गोळी बाहेर जायची नाही.

“सार, माझी बस आत्ता सुटेल. पुढची थेट संध्याकाळी,” म्हातारी म्हणाली. “कालपासून डोळ्यांपुढे अंधारी येतेय.”

दिलेलं औषध परत घ्यायची सोय यंत्रणेत होती. फक्त रुग्णाच्या मोबाइलवर ओटीपी जायचा आणि तो रुग्णाने सांगायचा. आत्याला फोन लावणार, तोच आत्या दारात. हातात मंजपै, म्हणजे पिवळी कापडी पिशवी, चांगली मोठी. वाटेत दिसेल त्याला आणि इथल्या रांगेलाही सांगत आली होती, “माझा भाचा इथला मोठा मनुष्य आहे.”

“आण रे माझ्या गोळ्या,” ती म्हणाली. “दिल्या म्हणून मेसेज आला, घरी काही आलं नाही. टपालात खाल्ल्या की काय कुणी?”

“आत्या, त्या तुझ्या नाहीत. आता एक नंबर येईल, तेवढा सांग.”

फोन टुणकन वाजला. आत्याने तो पदराखाली घेतला.

“ओटीपी?”

“होय. लौकर.”

“दिवाळीत माझ्यापुढे बसून कोण ओरडलं? बँकवाला मागो, पोलीस मागो, सांगायचं नाही!”

“ते चोरांसाठी गं!”

“‘मी मागितला तरी सांगू नको’ असंसुद्धा म्हणालास.”

म्हणालो होतो. फार ऐटीत म्हणालो होतो. तेवढ्यात त्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. आत्याने तोही दडवला. बाहेर बसने हॉर्न दिला. नर्सबाई धावत जाऊन कंडक्टरला थोपवून आल्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन गोड आवाजात म्हणाल्या, “मला सांगा, अम्मा.”

“याने मागितला तरी नाही, तर याच्या डॉक्टरला कसा सांगू?”

आमचं सगळं मराठीत चाललेलं, तरी रांगेतल्या तमिळ मंडळींना प्रत्येक शब्द कळत असावा, इतक्या मजेत ती बघत होती. म्हातारीला मात्र उभं राहवेना. ती आत्याच्या शेजारी बाकावर टेकली आणि तिने तमिळमध्ये आपली अंधारी, आपली बस, आपल्या संपलेल्या गोळ्या असं सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. मग पदराखालून फोन काढून सरळ म्हातारीच्या हातात दिला.

“आत्या, अगं, तिला दाखवतेस?”

“बँकवाला नाही, पोलीस नाही, तू नाही. हिचं नाव कुठे घेतलं होतंस?”

म्हातारीने फोन नाकाशी धरला आणि एकेक आकडा खणखणीत वाचला. मी टाइप केला. घाईत एक चुकलो, तर अख्ख्या रांगेने तो सुरात सांगितला. साठा परत आला. नोंद झाली, गोळ्या म्हातारीच्या हातात पडल्या.

बसकडे निघताना ती दारात थबकली आणि आत्याला विचारू लागली, “मघाशी म्हणत होतात तो मोठा मनुष्य, तुमचा भाचा, तो हाच का?”

आत्याने रिकामी मंजपै घडी घालून काखेत मारली.

“हा? छे. आमच्यात इतका वेडा कुणी नाही.”