म्हणाल तिथे थांबणारी गाडी

श्रीलंकेला कसं जायचं, यावरून आमच्या घरात आठवडाभर तोंडं फुगलेली होती. मुलाने बंगळूरहून दोन पर्याय सांगितले होते. एक खासगी: विमानतळावर आपल्यासाठी गाडी येणार, तिचा ड्रायव्हरच गाइड असणार, तोच सगळं दाखवणार आणि तुम्ही म्हणाल तिथे थांबणार. दुसरा आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाचा: नागपूरच्या एका टूरवाल्याची बस, सगळे ओळखीचे आणि खर्च पुष्कळच कमी. पैसे मुलगाच देणार होता, त्यामुळे निवड आमची होती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एरवी कशालाही 'पाहू' म्हणतात. त्या दिवशी मात्र फोनवर लगेच म्हणाले, खासगीच कर.

मला हसूच आलं. हा माणूस सिविक सेंटरच्या बाजारात जायला ऑटो करत नाही. पद्मनाभपुरात घर बांधलं तेव्हा पाइप घेऊन रोज भिंतींवर पाणी स्वतः मारलं, एक माणूस ठेवू दिला नाही. शर्ट घ्यायला नेलं तर दुकानदाराने दाखवलेला पहिलाच घेऊन बाहेर. आणि त्यांना आता परदेशात स्वतःची गाडी आणि गाइड हवा होता. फोन ठेवल्याबरोबर मी विचारलं, हा साहेबी थाट कधीपासून? ते म्हणाले, बसमध्ये गर्दी होते. त्यापलीकडे ते बोलले नाहीत आणि मी विचारलंही नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत आहे असं मी धरून चालले होते.

माझं उत्तर असं की, निवृत्तीनंतर हे माणूसघाणे झाले. रायपूरला बसने जायचं सोडलं. भंडाऱ्याकडची लग्नं टाळू लागले. कार्यक्रमाला गेलो तर दाराजवळची शेवटची खुर्ची धरायचे आणि मधेच उठून बाहेर जायचे. बाहेर पडायच्या आधीचा चहा बंद केला, तो का, हेही मी विचारलं नव्हतं. विचारायच्या ऐवजी मी चारचौघांत टोमणे मारायचे. माझ्या जिभेला लगाम नाही, हे माझी आईही म्हणायची. मी शाळेत शिकवत होते, आणि ऐकून घेण्यापेक्षा ऐकवायचीच सवय जास्त.

मला बस हवी होती. आमचं अर्धं आयुष्य पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलं, जिथे शेजारणीने आपल्या घरातून हाक मारली की इकडे कढईत पडलेल्या फोडणीचीही चौकशी व्हायची. तिथे राहिलेल्या माझ्यासारख्या बाईने आता एका कारच्या मागच्या सीटवर बसून अनोळखी ड्रायव्हरकडून इंग्रजीत डोंगरांची नावं ऐकायची? शिवाय खासगी गाइड करून फिरणं हे मंडळातल्या ऑफिसरांच्या बायकांचं काम. युरोपातून आल्या की 'आमचा गाइड' असं म्हणायच्या, जसा काही तो त्यांच्या माहेरचा. त्या एका बाजूला बसायच्या आणि आम्ही, कामगारांच्या बायका, दुसऱ्या बाजूला. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण बसायला गेलं की तसंच व्हायचं. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या बायकांसमोर सांगायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. आमचे हे प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. पोलाद वितळतं त्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, छताला लागून चालणाऱ्या क्रेनवर. लोखंडी शिडीने वर चढायचं आणि टपरीएवढ्या केबिनमध्ये बसून खाली उकळत्या पोलादाची बादली न हिंदकळता न्यायची. बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मी सांगायचे, "आमचे हे एकदा क्रेनवर चढले की अख्खी शिफ्ट खाली उतरायचे नाहीत. लघवीलासुद्धा नाही. अशी हिंमत लागते." बायका 'बाप रे' म्हणायच्या. ऑफिसरांच्या बायकासुद्धा. तेवढा वेळ आम्ही दोन्ही बाजू एका बाजूच्या व्हायचो, आणि ते मला फार आवडायचं.

टूर ठरवायला मंडळात बैठक झाली, तेव्हा यांनी पुन्हा एकदा हळूच म्हटलं की आपण वेगळे जाऊ. सेक्रेटरींनी ऐकलं आणि विचारलं, काय झालं भाऊ, बसमध्ये काय अडचण आहे? हे काही बोलणार, तोच मी मोठ्याने म्हटलं, अडचण कसली, अख्खी शिफ्ट क्रेनवर बसणाऱ्या माणसाला आता बसच्या सीटवर बसवत नाही म्हणे, साहेब झाले आमचे. सगळा हॉल हसला. हेही हसले. आमची दोन नावं बसच्या यादीत गेली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

श्रीलंका सुंदर आहे. हे लिहायला हवं, कारण बाकी जे लिहिणार आहे त्यात तिचा काही दोष नाही. स्वस्त टूर स्वस्त कशी होते तेही तिथे कळलं. हॉटेलं गावाबाहेर, आणि एका दिवसात इतकी ठिकाणं कोंबलेली की कुठेच नीट उभं राहू देत नाहीत. हिंदी बोलणारा लंकेचा गाइड हातात झेंडी घेऊन 'चलिए चलिए' करत पळायचा. बसचे थांबे आधीच ठरलेले. रोज सकाळी तो प्रत्येकाला पाण्याची एक बाटली द्यायचा. यांची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली असायची. मी म्हटलं, आजारी पडाल. ते म्हणाले, तहान नाही. मी ऐकून सोडून दिलं, कारण मला बसमध्ये पुढे जायचं होतं. पुढे माइक होता.

कँडीहून नुवारा एलियाला जाताना रस्ता चहाच्या मळ्यांतून चढत जातो. वळणावर वळण, आणि जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढत जाते. बायका पुढे, पुरुष मागे अशी आमची बसायची रीत होती. अंताक्षरी रंगात आली होती आणि माइक माझ्या हातात होता. तेवढ्यात हे मागून सीटच्या पाठी धरत धरत आले, माझ्याजवळ वाकले आणि कानात म्हणाले, "गाडी थांबवाले सांग."

मी गाइडकडे पाहिलं. त्याने मान हलवली, की आता थेट चहाच्या कारखान्यावरच. खरं तर मी तिथेच आवाज चढवला असता तर बस थांबली असती, वर्गातली पोरं माझ्या आवाजाने थांबायची. पण माझा सूर लागला होता आणि मधेच हे आल्याचा मला राग आला होता. मी माइकवरच म्हटलं, "आत्ताच तर थांबलो होतो. अहो, अख्खी शिफ्ट क्रेनवर बसणारे तुम्ही, थोडा दम धरा." बसभर हशा झाला. हे तसेच उलटे फिरले आणि सीटच्या पाठी धरत धरत मागे गेले. मी पुढचं गाणं धरलं.

कारखान्यावर बस थांबली, सगळे उतरले. हे उतरले नाहीत हे मला दिसलं. मला वाटलं, रुसले. रुसू द्या म्हणून मी आत गेले, मशीन पाहिली, चहा प्यायले, घरी न्यायला पुडे घेतले. बाहेर आल्यावर तरी बोलवावं म्हणून बसमध्ये चढले. हे मागच्या सीटवर स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. पँट ओली, सीट ओली, आणि हातात पाण्याची रिकामी बाटली.

मी रागावले. तेही आधी रागावलेच. म्हटलं, दिवसभर घोटभर प्यायला नाहीत अन् आता सगळं पाणी सांडून ठेवलं, इतकंही सांभाळता येत नाही का? ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मला वास आला. आणि मग कळलं की बाटली सांडली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःवर ओतली होती, कुणी चढून आलं तर पाणी सांडलं असं म्हणता यावं म्हणून. मला त्या बसमध्ये उभं राहवेना. मी शेजारी बसले आणि माझी शाल त्यांच्या पायांवर टाकली. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांच्याकडे पाहायची लाज मला पहिल्यांदा वाटली.

संध्याकाळी हॉटेलवर पँट धुऊन वाळत घातली. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांच्या गोळ्या, ज्या मी ब्लडप्रेशरच्या समजत होते, त्या त्यांनी बॅगेतून काढल्या; त्या प्रोस्टेटच्या निघाल्या. एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले होते म्हणे, केव्हाच. डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन पुढे ढकलून ठेवलं होतं. मी विचारलं, "मले कावून नाही सांगितलं?"

"सांगाले आलो होतो ना," ते म्हणाले. "तुह्या हातात माइक होता."

मी रडले. त्यांनी गोळी घेतली, पलंगावर टेकले, आणि थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाले, "अन् ते क्रेनचं तू सांगते ना, तसं काही नसे. केबिनीत डबा राहे. रिकामा. सगळ्याइच्याच केबिनीत राहे. शिफ्ट सुटली का धुवाचा अन् ठेवाचा."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं तुम्ही मला एकदा तरी थांबवायचं होतं.

"तुले सांगाले आवडे," ते म्हणाले. "मंडळात दुसरं काय होतं आपल्यापाशी सांगाले?"

हे ऐकून जे झालं ते बसमध्ये झालं त्याहून वाईट होतं. मंडळातले अर्धे पुरुष प्लांटमधलेच. त्यांना तो डबा माहीत होता. ऑफिसरांनाही माहीत असणार. मी दरवर्षी त्यांच्यासमोर उभी राहून माझ्या नवऱ्याच्या न झालेल्या पराक्रमाची जाहिरात करत होते, आणि ते सगळे यांचा मान राखायला म्हणून हसत होते. माझ्या बढाईपायी हा माणूस वर्षानुवर्षं खोट्यात बसून राहिला, आणि त्याला खरंच थांबायची गरज पडली तेव्हा त्याच खोट्याने मी त्याचं तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी गाइडला सांगितलं की मला वारंवार बाथरूमला जावं लागतं, गाडी मधेमधे थांबवा. त्याने कपाळाला आठी घातली, पण थांबवली. मी उतरले, आणि माझ्यामागे हे, आणि त्यांच्यामागे मागच्या सीटांवरचे जवळजवळ सगळेच पुरुष. एकमेकांकडे न पाहता, घाईघाईने. त्या दिवशी कुणी अंताक्षरीला माझं नाव घेतलं नाही, की मीच पुढे गेले नाही, आता आठवत नाही. मी मागेच बसले होते.

परत आल्यावर मुलाने विचारलं, पुढच्या वेळी काय करायचं? मी म्हटलं, खासगी. तो हसला, म्हणाला, आई, तूही साहेब झालीस. मी त्याला कारण सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे आता यांनी ठरवायचं आहे.

यंदा मंडळात तिळगुळाच्या कार्यक्रमाला गर्दी होती. नेहरू नगरकडे राहायला आलेली दोन-तीन नवी कुटुंबं होती. ओळखी करून देता देता सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, तो क्रेनचा किस्सा सांगा ना यांना. सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले. खरं सांगावं तर यांची अब्रू जाते, आणि खोटं पुन्हा सांगायला जीभ वळत नव्हती. लोक वाट पाहत होते. काय झालं वहिनी, असं कुणीतरी म्हटलं.

तेव्हा दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून यांचा आवाज आला. मंडळात हे कधी बोललेले मला आठवत नाहीत. ते बसल्याजागी, अगदी माझ्याच शब्दांत म्हणाले, "मी एकदा क्रेनवर चढलो का अख्खी शिफ्ट खाली उतरो नाही. लघवीलेसुद्धा नाही." नवे लोक 'बाप रे' म्हणाले, जुने हसले. मी खाली बसले आणि मान वर केली नाही. हशा चालू होता तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उठून बाथरूमला गेले.